सूर ठेवा, वॅट उतरवा

संध्याकाळी साडेसातची वेळ. नालासोपारा पूर्वेच्या एखाद्या चारमजली इमारतीत कुकरच्या शिट्ट्या, टीव्हीवरच्या मालिका आणि खालच्या रिक्षांचे हॉर्न यांत तिसऱ्या मजल्यावरून गिटारचा आवाज मिसळतो. अकरावीतल्या मुलाने ओळखीच्या बँडवाल्याकडून जुना, व्हॉल्व्हचा, ५० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर आणलेला असतो. पाच मिनिटांत वरच्या मजल्यावरचे काका जिना उतरतात, समोरच्या काकू दार उघडून ‘अरे, आवाज बारीक कर’ म्हणतात. मुलगा बटण मागे फिरवतो, दोन तारा छेडतो आणि गिटार बाजूला ठेवतो. बारीक आवाजात हवा तो सूर लागत नाही, असे त्याचे म्हणणे असते. मोठ्यांना ती सबब वाटते.

वसई-विरारमधल्या कितीतरी सोसायट्यांत हे दृश्य थोड्याफार फरकाने दिसू शकते. या वादात काका-काकूंचे खरे आहे आणि मुलाचेही खरे आहे. पण ज्याचे सर्वाधिक नुकसान होत असते, तो या वादात बोलतच नाही. तो म्हणजे त्या मुलाचा कान. शेजाऱ्यांना भिंतीपलीकडून जे ऐकू येते, त्याच्या हजारो पट तीव्रतेचा आवाज खोलीत बसलेल्या मुलाच्या कानावर आदळत असतो. म्हणून आवाज कमी करण्याचा प्रश्न हा शेजारधर्माच्या आधी आरोग्याचा प्रश्न आहे. संगीत बंद न करता तो सोडवता येतो. त्यासाठी आवाजाचा पोत आणि आवाजाची पातळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे आधी मान्य करावे लागते.

मुलाची तक्रार सबब का नाही?

वसईकरांना घंटेचे उदाहरण जवळचे वाटेल. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकल्यावर इथल्या चर्चच्या घंटा महाराष्ट्रभरच्या देवळांत गेल्या. नाशिकचे नारोशंकर मंदिर, वाईजवळचे मेणवली, भीमाशंकर इथे त्या आजही पाहायला मिळतात. अशा घंटेवर बोटाने टिचकी मारली तर मोठ्या टोल्याचाच छोटा आवाज येत नाही, वेगळाच आवाज येतो. घंटेचे सगळे स्वर जागे होण्यासाठी तिला पुरेसा ठोका बसावा लागतो.

व्हॉल्व्हच्या गिटार अ‍ॅम्पचे असेच असते. व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या. त्यांना मर्यादेपर्यंत ताणले की गिटारच्या लहरींची टोके दबतात, मूळ स्वरात वरचे स्वर मिसळतात आणि रॉक किंवा ब्लूजच्या चाहत्यांना हवी असलेली खरखरीत, लांबणारी गाज निर्माण होते. तिचा काही भाग सुरुवातीच्या लहान व्हॉल्व्हमध्ये तयार होतो, काही शेवटच्या ‘पॉवर’ व्हॉल्व्हमध्ये आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये. हा शेवटचा टप्पा पूर्ण ताकदीने चालवल्याशिवाय रंगात येत नाही. १९६०च्या दशकात लंडनच्या जिम मार्शल यांनी ‘दि हू’सारख्या बँडच्या मागणीवरून १०० वॅटचे अ‍ॅम्प बनवले, ते मोठ्या सभागृहांसाठी. तोच आवाज रेकॉर्डवर ऐकून मोठी झालेली मुले आज तो दहा बाय बाराच्या खोलीत शोधत असतात. यंत्र मैदानासाठी बनले, वाजते स्वयंपाकघराशेजारी. सगळी अडचण इथे आहे.

अधले-मधले यंत्र

या अडचणीवर उपाय चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीच निघाला. ‘बॉस्टन’ या अमेरिकी बँडचे टॉम शॉल्झ हे एमआयटीत शिकलेले अभियंते. पोलरॉइड कंपनीत नोकरी करता करता त्यांनी घराच्या तळघरात गाणी ध्वनिमुद्रित केली आणि त्यांतून १९७६ चा बँडचा पहिला अल्बम उभा राहिला. पुढे त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि १९८०च्या सुमारास ‘पॉवर सोक’ नावाची पेटी बाजारात आणली. नावाप्रमाणे तिचे काम ताकद शोषून घेण्याचे होते. अशा यंत्रांना आज अ‍ॅटेन्युएटर म्हणतात आणि अनेक कंपन्या ती बनवतात.

कल्पना साधी आहे. अ‍ॅम्पमधून निघालेली विद्युतशक्ती थेट स्पीकरकडे न पाठवता मध्ये ही पेटी जोडायची. आतल्या रोधकांमध्ये बरीचशी शक्ती उष्णतेत बदलते आणि उरलेली थोडी स्पीकरला मिळते. अ‍ॅम्पला वाटते आपण पूर्ण जोरात स्पीकर चालवतो आहोत, त्यामुळे व्हॉल्व्ह रंगात येतात. खोलीत मात्र आवाज बेताचा निघतो. नळाला पूर्ण दाबाने पाणी सोडायचे, पण बहुतेक पाणी वाटेत दुसऱ्या टाकीत वळवायचे, तसा हा प्रकार.

सूर अगदी जसाच्या तसा राहतो का? नाही. स्पीकरचा कागदी पडदा जोरात हलला की तोही आवाजात आपला रंग भरतो, तो कमी होतो. शिवाय माणसाचा कानच कमी पातळीला खालचे आणि अगदी वरचे स्वर कमी ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवले. त्यामुळे अ‍ॅटेन्युएटर लावल्यावर ‘आवाज बसल्यासारखा वाटतो’ अशी जी तक्रार होते, तिचा मोठा वाटा पेटीचा नसून ऐकणाऱ्याच्या कानाचा असतो. खर्जाचे आणि वरच्या स्वरांचे बटण थोडे पुढे सरकवले की बरेचसे जमून येते.

पन्नास वॅटचे गणित

अ‍ॅटेन्युएटर लावला म्हणजे कान वाचला, असे समजणे मात्र चुकीचे आहे, आणि बहुतेक जण इथेच फसतात. त्यासाठी डेसिबलचे गणित समजून घ्यावे लागते. ते अवघड नाही. शक्ती दहापट कमी केली की आवाज १० डेसिबलने उतरतो आणि कानाला तो साधारण निम्मा वाटतो. म्हणजे ५० वॅटचा अ‍ॅम्प ५ वॅटवर आणला तरी ऐकणाऱ्याला तो फक्त अर्ध्यावर आल्यासारखा वाटेल.

गिटारसाठीचे बारा इंची स्पीकर फार कार्यक्षम असतात. फक्त १ वॅट शक्ती दिली तरी १ मीटरवर ते साधारण ९७ ते १०० डेसिबल आवाज काढतात. ५० वॅट दिले तर हा आकडा ११४ च्या पुढे जातो. लहान खोलीत भिंतींवरून आवाज परत येत असल्याने दोन-तीन मीटर मागे सरकूनही फारसा फरक पडत नाही.

आता कानाची मर्यादा पाहू. अमेरिकेतील ‘नियॉश’ ही कामाच्या ठिकाणच्या आरोग्याचा अभ्यास करणारी सरकारी संस्था ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास ही मर्यादा सुचवते. त्यापुढे आवाज दर ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मी होते. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास, १०० ला १५ मिनिटे. या हिशेबाने ११४ डेसिबलला दिवसभराची मर्यादा अर्ध्या-पाऊण मिनिटात संपते. अ‍ॅटेन्युएटरने १० डेसिबल उतरवले तर १०४ उरतात आणि मुलाला सहा मिनिटे मिळतात. २० डेसिबल उतरवले तर एक तास. ३० डेसिबल उतरवले, म्हणजे शक्ती हजारपट कमी केली, तेव्हा कुठे तो ८४ वर येतो आणि निवांत रियाझ करू शकतो. पन्नास वॅटचा हजारावा भाग म्हणजे ५० मिलिवॅट. घरच्या खोलीत एवढीच शक्ती पुरते.

हे आकडे ढोबळ आहेत. स्पीकर, खोली, वाजवण्याची पद्धत यांनुसार ते बदलतील. शिवाय ही मर्यादा प्रौढ कामगारांसाठी आखलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मोबाइल आणि हेडफोनवरून गाणी ऐकण्यासाठी जे मानक केले, त्यात प्रौढांसाठी ८० डेसिबल आणि मुलांसाठी ७५ डेसिबल, तेही आठवड्याला ४० तास, असा सावध आकडा धरला आहे. ‘आमचा अ‍ॅम्प १० वॅटचाच आहे’ असे म्हणून निश्चिंत होणाऱ्या पालकांनीही हे गणित एकदा करून पाहावे. लहान अ‍ॅम्पही बंद खोलीत पूर्ण उघडला तर १०० डेसिबलच्या आसपास सहज पोहोचतो.

कानात काय होते?

अंतर्कर्णात शंखाच्या आकाराची एक पोकळी असते. तिच्यातल्या द्रवात प्रत्येक बाजूला सुमारे १५ हजार केशपेशी असतात. ध्वनीच्या लाटेने त्यांच्यावरचे सूक्ष्म केस झुकतात आणि मेंदूकडे संदेश जातो. भाताच्या शेतात वाऱ्याने रोपे झुकावीत आणि वारा थांबल्यावर उभी राहावीत, तसे हे चालते. वादळ झाले तर रोपे आडवी होतात. काही पुन्हा उभी राहतात, काही राहत नाहीत. शेतात पुढच्या वर्षी नवी रोपे लावता येतात, कानात नाही. पक्ष्यांमध्ये या पेशी नव्याने तयार होतात, माणसात होत नाहीत.

मोठ्या आवाजाच्या कार्यक्रमानंतर कानात दडा बसतो, शिट्टी वाजत राहते आणि सकाळपर्यंत बरे वाटते, हा अनुभव अनेकांना असतो. ‘सकाळी ठीक झाले ना’ म्हणून तो विसरला जातो. पण २००९ मध्ये अमेरिकेतील शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगाने या समजाला धक्का दिला. १०० डेसिबल आवाजात दोन तास ठेवलेल्या उंदरांची श्रवणचाचणी पुढे पूर्ववत झाली, केशपेशीही शाबूत दिसल्या. पण त्या पेशी आणि श्रवणतंतू यांच्यातले कितीतरी जोड कायमचे तुटलेले होते. माणसात हे नेमके किती होते, यावर अभ्यास चालू आहे. ‘चाचणी नॉर्मल आली म्हणजे काहीच बिघडले नाही’ असे मात्र छातीठोकपणे म्हणता येत नाही, एवढा धडा त्यातून घ्यावा.

आवाजामुळे येणारे बहिरेपण बहुधा ४ हजार हर्ट्झच्या आसपास सुरू होते. तिथेच स, श, फ, थ अशा व्यंजनांची ओळख पटवणारे उंच ध्वनी असतात. त्यामुळे अशा माणसाला आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत. गर्दीच्या विरार लोकलमध्ये किंवा लग्नाच्या मांडवात शेजारचा काय म्हणाला, ते पुन्हा पुन्हा विचारावे लागते. ‘कानाला सवय होते’ असे वादक म्हणतात. ज्याला सवय म्हटले जाते, ते बऱ्याचदा ऐकण्याची क्षमता कमी झाल्याचे लक्षण असते. ‘दि हू’ बँडचा १९७६ चा लंडनमधला एक कार्यक्रम १२६ डेसिबलसाठी विक्रमांच्या पुस्तकात गेला. त्याच बँडचे गिटारवादक पीट टाउनझेंड पुढे आयुष्यभर कमी ऐकू येणे आणि कर्णनाद यांबद्दल जाहीरपणे बोलत आले. आपल्या कानांची हानी मुख्यतः स्टुडिओतल्या हेडफोनमुळे झाली, असे त्यांनी सांगितले आहे. म्हणून ‘अ‍ॅम्प नको, हेडफोन लाव’ हा घरोघरचा सोपा सल्लाही पुरता सुरक्षित नाही. शेजारी सुटतो, कान सुटत नाही.

वसई-विरारला हे का लागू?

या भागात वाद्यांची परंपरा जुनी आहे. पश्चिमेकडच्या ख्रिस्ती गावांत, पापडी, गिरीज, सांडोर, नंदाखाल, आगाशी या पट्ट्यात चर्चचे गायनवृंद, व्हायोलिन, गिटार, लग्नातले ब्रास बँड हे रोजच्या जगण्याचा भाग राहिले. वाडीतल्या घरात, आजूबाजूला केळीची आणि नारळाची झाडे असताना रियाझ कोणाला खुपत नव्हता. २००९ मध्ये महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजार नोंदली गेली आणि त्यानंतरही इमारती वाढतच आहेत. वाडीतला वादक आता फ्लॅटमध्ये आला आहे. वाद्य तेच राहिले, भिंत मात्र साडेचार इंचांची झाली.

अशी प्लास्टर केलेली भिंत साधारण ४० ते ४५ डेसिबल आवाज अडवते. उकाड्यामुळे उघडी ठेवलेली खिडकी मात्र जेमतेम १० ते १५. म्हणजे खोलीत ११४ डेसिबल असले तर बंद भिंतीपलीकडेही ७० च्या आसपास आवाज पोहोचतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रहिवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी जागेतून बाहेर पडणारा आवाज तिच्याहून ५ डेसिबलपेक्षा अधिक वाढू नये, असेही हे नियम सांगतात. खोलीतली पातळी ८४ वर आणली तर भिंतीपलीकडे ४०-४५ च उरतात. जी पातळी मुलाच्या कानाला मानवते, तीच शेजाऱ्यालाही मानवते. दोघांचे हित इतक्या नेमकेपणाने एकाच आकड्यावर जुळावे, असे क्वचितच घडते.

आवाज सांभाळला नाही तर संगीताची जागाच जाते, याचे उदाहरण मुंबईत आहे. धोबी तलावाजवळच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव भरत असे. देशभरच्या रॉक बँडचे ते हक्काचे व्यासपीठ होते. आसपास रुग्णालये आणि महाविद्यालये असल्याने परिसर शांतता क्षेत्रात मोडला आणि ध्वनिनियम लागू झाल्यावर तिथले असे कार्यक्रम थांबले. रुग्णांच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण तरुणांच्या हातून खुले रंगमंच गेले, हेही खरे. सोसायटीच्या फलकावर ‘वाद्ये वाजवण्यास मनाई’ अशी सूचना लागते, तेव्हा हेच लहान प्रमाणात घडते.

‘आधी डीजे बंद करा’

यावर एक आक्षेप येणारच. हळदीच्या रात्री आणि मिरवणुकीत डीजेच्या भिंती उभ्या राहतात, खिडक्यांच्या काचा थरथरतात, तेव्हा कोणी काही बोलत नाही आणि गिटार वाजवणाऱ्या पोराला मात्र कायदा शिकवायचा? आक्षेप रास्त आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये ध्वनिप्रदूषणाविषयी दिलेल्या सविस्तर निकालानंतरही अंमलबजावणी ढिलीच राहिली. डीजेचा उपद्रव गिटारपेक्षा कितीतरी मोठा आहे आणि त्यावर कारवाई व्हायलाच हवी.

पण एका चुकीने दुसरी चूक सुरक्षित होत नाही. कानाचे नुकसान तीव्रता आणि वेळ यांच्या गुणाकाराने होते. हळद वर्षातून चार-पाच वेळा होते, रियाझ रोज होतो. डीजेचे बटण दुसऱ्याच्या हातात असते. गिटारच्या बाबतीत कान ज्याचा, बटणावरचा हातही त्याचाच असतो. सुधारणा इथून सुरू करणे सर्वांत सोपे आहे. शिवाय जे गिटारला लागू, तेच मांडवालाही. दहा डेसिबल उतरवण्यासाठी डीजेला शक्ती एकदशांश करावी लागेल. तेवढ्याने नाचणाऱ्यांचे पाय थांबणार नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या ठिकाणांसाठी मानक जाहीर केले, त्यात पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, पातळी सतत मोजली जावी आणि कानांना विसावा देणारी शांत जागा असावी, असे म्हटले आहे. सभागृह भाड्याने देताना हीच अट घालणे कोणालाही अशक्य नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. चांगला अ‍ॅटेन्युएटर स्वस्त नसतो, आणि प्रत्येकाला त्याची गरजही नसते. शिकणाऱ्या मुलांच्या घरी सहसा ट्रान्झिस्टरचा लहान अ‍ॅम्प असतो. त्याला अ‍ॅटेन्युएटर लावून काही साधत नाही, कारण त्याची गाज सुरुवातीच्या टप्प्यातच तयार होते आणि ‘मास्टर’ बटण कमी केले की काम भागते. पेटी लागते ती व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प पूर्ण उघडून वाजवणाऱ्याला. तीही चार वादकांनी किंवा एखाद्या क्लासने मिळून घेता येते.

काय करता येईल?

ज्याला अ‍ॅटेन्युएटर वापरायचा आहे, त्याने काही गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. पेटीची क्षमता अ‍ॅम्पच्या वॅटपेक्षा बरीच जास्त, शक्यतो दुप्पट असावी, कारण पूर्ण ताणलेला अ‍ॅम्प लिहिलेल्या आकड्याहून अधिक शक्ती देतो. अ‍ॅम्प, पेटी आणि स्पीकर यांचे ओम जुळले पाहिजेत. ४, ८ की १६, हे मागच्या बाजूला लिहिलेले असते. जोडणीसाठी स्पीकरचीच जाड वायर वापरावी, गिटारची वायर नाही. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प स्पीकर किंवा योग्य भार न जोडता कधीही वाजवू नये, त्यात ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. पेटी तापते, म्हणून ती चादरीखाली, पडद्याजवळ किंवा अ‍ॅम्पच्या डोक्यावर कोंडून ठेवू नये. पूर्ण ताकदीने चालणारे व्हॉल्व्ह लवकर झिजतात, तो खर्चही गृहीत धरावा.

पैसे न लागणारे उपाय त्याहून महत्त्वाचे आहेत. अ‍ॅम्प जमिनीवर ठेवला की स्पीकरचा तीक्ष्ण आवाज वादकाच्या गुडघ्यांवर जातो, त्याला नीट ऐकू येत नाही, म्हणून तो बटण वाढवतो. अ‍ॅम्प स्टुलावर ठेवावा किंवा मागे झुकवावा, तोंड कानाकडे येईल असा. त्याने कमी आवाजात काम होते आणि खालच्या मजल्याकडे जाणारी धडधडही कमी होते. भिंतीला चिकटवून किंवा कोपऱ्यात ठेवला तर खर्ज फुगतो, तेही टाळावे. कानाच्या जागी मोबाइल धरून आवाज मोजणारे अ‍ॅप वापरावे. त्याचा आकडा अचूक नसला तरी ८० आणि १०० मधला फरक तो नक्की दाखवतो. बँडबरोबर सराव असेल तर वादकांसाठी बनवलेले कानातले प्लग वापरावेत. साधे फोमचे बोळे वरचे स्वर जास्त खातात, हे प्लग सगळे स्वर जवळपास सारखे उतरवतात. तासाभराच्या वादनानंतर दहा-पंधरा मिनिटे कानांना शांतता द्यावी.

संगीत क्लासच्या चालकांवर थोडी अधिक जबाबदारी येते. लहान खोलीत चार गिटार, एक ड्रम आणि गाणारा एकत्र वाजले की प्रत्येक जण स्वतःला ऐकू यावे म्हणून आवाज वाढवत जातो. शिकवणाऱ्याने पहिल्या दिवशी स्वर जुळवायला शिकवावे, तसे पातळी जुळवायलाही शिकवावे. भिंतीवर मीटर लावावा. शिक्षक स्वतः दिवसाचे सहा-सहा तास त्या खोलीत असतात, त्यांचे कान विद्यार्थ्यांपेक्षा अधिक धोक्यात असतात. नियमित वाजवणाऱ्या प्रत्येकाने वर्षातून एकदा ऑडिओमेट्री करून घ्यावी. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे ही चाचणी होते. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक्-श्रवण संस्था आहे, विरारहून तिथे लोकलने जाता येते. शिट्टी वाजणे, दडा बसणे किंवा ऐकू कमी येणे एका दिवसापेक्षा जास्त टिकले तर थांबू नये.

सोसायट्यांनीही मनाईच्या फलकाऐवजी वेळ आणि पातळी ठरवून द्यावी. संध्याकाळी पाच ते सात खिडक्या लावून, शेजारच्या घरात साधे बोलणे झाकणार नाही इतक्या आवाजात वाजवायला मुभा असेल, तर परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी, रात्रपाळी करून आलेला कामगार आणि गिटारवाला तिघांचीही सोय लागते. हे ठरवायला वार्षिक सभेतली दहा मिनिटे पुरतात. रात्री दहानंतर मात्र सवलत मागण्यात अर्थ नाही, कायदाही ती देत नाही.

जगभरात १०० कोटींहून अधिक तरुणांचे कान मोठ्या आवाजाच्या सवयींमुळे धोक्यात असल्याचे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातला एखादा नालासोपाऱ्याच्या तिसऱ्या मजल्यावर बसलेला असेल, तर त्याला नुसते ‘बारीक कर’ म्हणून चालणार नाही. बारीक करूनही सूर कसा राखायचा, हे त्याला दाखवावे लागेल. गिटारची तार तुटली तर नवी येते, व्हॉल्व्ह गेला तर बदलता येतो. केशपेशी गेल्या की पुन्हा येत नाहीत, आणि चाळिशीत त्याला स्वतःची गिटार नीट ऐकू यायला हवी असेल तर त्या त्याला आजच जपाव्या लागतील.